वांग्याचं सरपण

चूल पेटवायच्या आधी तानुबाई परसात गेली आणि पाहते तर सातव्या झाडाचा शेंडा मान टाकून बसलेला. काल संध्याकाळी पाणी घातलं तेव्हा हाच शेंडा तालमीतल्या पोरासारखा ताठ होता. तिनं तो दोन बोटांत धरून खालपर्यंत चाचपला. एका जागी बारीक भोक, भोकाच्या तोंडाशी पिवळट भुसा. नखानं देठ चिरला तशी आतून गुलाबीसर अळी अंग आखडत बाहेर आली, झोपेतून उठवलेल्या पाहुण्यासारखी नाराज.

"आली का बाई तू," तानुबाई म्हणाली आणि तिला चपलेखाली घेतलं.

चपलेखाली घेणं सोपं होतं. बाकीच्या शोधायच्या कुठं, ही पंचाईत होती. गौरी-गणपती उठल्यावर लावलेली बावीस झाडं. या घराण्यात चातुर्मास लागला की वांगं बंद, ते उघडतं थेट चंपाषष्ठीला, खंडोबाच्या ओट्यावर भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं. अकरा घरांची भावकी एका पंगतीला बसते आणि भरीत येतं ते याच परसातून. आधी तानुबाईच्या सासूचा मान होता, पंधरा वर्षांपासून तिचा. भाजायचंही कशावरही नाही. गेल्या सालची वांग्याची झाडं उपटून, भिंतीशी रचून वर्षभर वाळवायची आणि त्याच काड्यांच्या जाळावर यंदाची वांगी भाजायची. त्या जाळाची चव दुसऱ्या कशाला नाही, असं भावकीतला शेंबडा पोरगासुद्धा सांगे.

शेत नवऱ्याच्या, रामरावांच्या, आणि त्यांच्या भावाच्या नावावर, घर अजून सासऱ्याच्याच नावावर, मोटरसायकल पोराची. तानुबाईचं म्हणावं असं या घरात हे दीड गुंठा परस होतं आणि वर्षातली ती एक दुपार.

तीच दुपार गेल्या साली नासली. भावकीतले सगळ्यांत वडील कडूबा आबा. त्यांच्या ताटात भरताबरोबर भाजलेली अळी निघाली. आबांनी ती बोटाच्या टोकानं ताटाच्या काठाला नेऊन ठेवली, पाणी प्याले. बोलली ती सुभद्राबाई, तानुबाईची मोठी जाऊ.

"घ्या. तानूनं खंडोबाले मटन दाखोलं."

पंगत हसली. रामरावही हसले. जावेचं बोलणं तानुबाई आठ दिवसांत विसरली असती. नवऱ्याचं हसणं मात्र तिनं वर्षभर जपून ठेवलं होतं.

यंदा दिवाळीच्या फराळाला सगळे जमले तेव्हा सुभद्राबाईनं विषय काढलाच. "आबा, औंदा माह्या मळ्यातले वांगे घेऊ ना. ठिबकवरचे हायेत. कसे चकचक करून राह्यले."

आबांनी चिवडा नीट चावून संपवला, मग म्हणाले, "औंदा तानूलेच करू द्या. पुन्हा तसं काई निंघालं, तं मंग तुह्यं."

त्या गोष्टीला आज चार दिवस झाले होते. चंपाषष्ठीला महिना उरला होता.

*

तानुबाईनं ठाऊक होते तेवढे उपाय केले. पहाटे दवात चुलीची राख भुरभुरली. तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी शिंपडलं. लसूण-मिरची वाटून, फडक्यातून गाळून मारलं. दिवसभर तिचे डोळे चुरचुरले, हात आग-आग झाले. अळीला ठसकासुद्धा लागला नसावा. तिसऱ्या दिवशी आणखी चार शेंडे लोंबत होते.

सून काजल मोबाईल घेऊन आली. पानाचा फोटो काढला, थोडा वेळ बोट फिरवलं. "आत्याबाई, यात तं मावा दाखोवते."

"मावा पानाच्या मागं बसते वं. असं भोक पाडून आत राहाले नाही जात."

"मंग फोटो आतून काढा लागीन," काजल म्हणाली. तानुबाईला हसू आलं. त्या दिवसातलं तेवढंच.

रामराव खाटेवर बसून चहा फुंकत होते. "काऊन येवढा जीव काढून राह्यली? कपाशीवरची दवाई हाये ना घरात. एक पंप मारला की मोकळं."

"बाटलीवर लाल तिकोन हाये तिच्या. लोकं खानार हायेत हे वांगे."

"बजारातले काय गंगेतून धुऊन येतात का?"

"बजारातले मी वाढत नाही," तानुबाई म्हणाली आणि बाटली धान्याच्या कोठीमागं सरकवून ठेवली.

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत तुरीवरच्या अळीसाठी सभा होती. कृषी सहायक अनुपमा मॅडम येणार म्हणून दवंडी नव्हे, ग्रुपवर मेसेज आला होता. तानुबाई पदरात दोन वाळके शेंडे आणि एक किडकं वांगं बांधून गेली. खुर्च्यांवर सगळे गडी. ती दाराच्या चौकटीला टेकून दीड तास उभी राहिली. तूर संपली, मग हरभरा संपला. टाचा भरून आल्या. शेवटी लोक उठले तशी ती पुढं सरकली आणि पदराची गाठ सोडली.

"वैनी भाजी टाकाले आल्या मॅडमले," मागून कुणीतरी म्हणालं.

हसणारे हसले. मॅडम हसल्या नाहीत. पोर वयानं काजलएवढीच असेल, पण तिनं शेंडा घेतला आणि खिशातल्या ब्लेडनं उभा चिरला.

"ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, मावशी. ती आत शिरली की वरून काहीही मारा, तिला लागत नाही. लोंबलेला शेंडा दिसला की भोकाच्या खाली बोटभर कापायचा. किडकं फळ तोडायचं. पानांवर निंबोळी अर्क मारा, म्हणजे नवी अंडी कमी होतील. आणि हे दोन सापळे न्या. आत मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. फक्त कापलेले शेंडे तिथंच टाकू नका. जाळून टाका."

"जाळाची काळजी नोका करू मॅडम," तानुबाई म्हणाली. "आमच्यात जाळतेच."

*

त्या दिवसापासून तिनं नेमच धरला. सकाळी म्हशीचं आवरलं की विळा घेऊन बावीस झाडांतून वाकून फिरायचं. लोंबलेला शेंडा कापायचा, पदरात टाकायचा. किडकं वांगं म्हशीपुढं. आणि पदरातले शेंडे भिंतीशी रचलेल्या सरपणावर नीट पसरायचे. वांग्याची काडी या घरात कुणी कधी उकिरड्यावर टाकली नव्हती. वाळल्या की चंपाषष्ठीला जाळायच्याच होत्या.

निंबोळ्या कुटता कुटता तिच्या उजव्या हाताला फोड आला. अर्क गाळून गाळून काजलची ओढणी कडू झाली. ती वाळत घातली तर शेळीसुद्धा तोंड लावेना.

सापळ्यांत पतंग पडू लागले. मोरीकडच्या सापळ्यात दोन-तीन, भिंतीकडच्यात मूठभर. पांढुरके, नखाएवढे, पंखांवर तपकिरी-गुलाबी डाग, जणू कुणी मेंदीची बोटं पुसलेली. तानुबाईनं दोन सापळ्यांची जागा बदलून पाहिली. तरी भिंतीकडचाच भरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

भिंतीपलीकडं सुभद्राबाईचं अंगण.

तानुबाईच्या डोक्यात चक्र फिरायला वेळ लागला नाही. जाऊ मळ्यातली किडकी वांगी आणून भिंतीशी टाकत असणार. मुद्दाम नसेल, पण मुद्दाम असायलाही हरकत नव्हती. तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर चढून भिंतीवरून डोकावलं. पलीकडं सिमेंटचं स्वच्छ अंगण, तुळस, ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या सावलीला तांदूळ निवडत बसलेली सुभद्राबाई.

"काय पाह्यतं वं तानू? सोनं पुरलं का मी?"

"काई नाही बाई. मांजर आलती."

"मांजर दारातून पाहाची. उतर, पडशीन. गेल्या सालची अळी काय कमी झाली का, तं औंदा पाय मोडून घेतं."

तानुबाई उतरली. बादलीची कड पोटरीला लागून सालटं निघालं.

शेंडे मात्र थांबले नाहीत. आज सात कापले की परवा नऊ. नवी फुलं धरली, लहान वांगी लागली, त्यांच्यावरही भोकं दिसू लागली. त्यातल्या त्यात तेरा वांगी चांगली वाढली, जांभळी, मुठीएवढी. तानुबाई त्यांच्याकडं पाहून झोपायची आणि त्यांना पाहायला उठायची.

मग एक दिवस ती हरभऱ्यात निंदायला गेली. संध्याकाळी परतली तर फाटकापासूनच उग्र वास. अंगणात पंप धुऊन पालथा घातलेला. रामराव खाटेवर, चेहऱ्यावर बायकोला साडी आणल्याचा भाव.

"घे. दोन पंप मारले. आता झोप निवांत."

तानुबाईनं विळा उचलला. परसात गेली. पानांवर पांढरे थेंब वाळले होते. तिनं तेराच्या तेरा वांगी तोडली, एका कोपऱ्यात खड्डा खणून त्यात टाकली. शेवटचं तेवढं विळ्यानं उभं कापलं. आतली अळी वळवळत होती. तिला तळहातावर घेऊन तानुबाई खाटेपाशी आली.

"हे पाहा. तुमच्या दवाईनं तब्बेत सुधारली तिची."

रामरावांनी अळीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. "मी तं तुह्यासाठीच केलं वं," ते म्हणाले. आवाज खरा होता. तानुबाईला त्याचाच जास्त राग आला. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

*

पंधरा दिवस उरले. तानुबाई दुपारी भिंतीशी, सरपणाच्या सावलीला टेकली. कंबर धरली होती. झाडं पानांनी हिरवी, फळांनी रिकामी. तिनं मनाशी जावेच्या चकचकीत वांग्यांचं भरीत वाढलेलं पाहिलं, आपण पंगतीत पाणी वाढतोय तेही पाहिलं.

डोळ्यांसमोरच्या काडीवर काहीतरी हललं. तिला वाटलं वाऱ्यानं. वारा नव्हता. काडीच्या बेचक्यातून एक पांढुरका पतंग बाहेर आला, ओल्या चुरगळलेल्या पंखांचा. पंख सुटे होईपर्यंत तिथंच बसला. मेंदीचे डाग हळूहळू उलगडले. मग उडाला, आणि चार पावलांवरच्या पहिल्या झाडाच्या पानाखाली जाऊन बसला.

तानुबाईनं ती काडी ओढली. बेचक्यात राखाडी कोष चिकटलेला, होडीसारखा, रिकामा. दुसरी ओढली. तिच्यावर तीन, भरलेले. खाली आठ दिवसांपूर्वी पसरलेले शेंडे वाळून पोकळ झाले होते आणि प्रत्येकाला बाहेर पडायचं गोल भोक होतं. शेंडा वाळला तशा अळ्या निघाल्या होत्या, शेजारच्या काड्यांवर चढल्या होत्या आणि बिऱ्हाड करून राहिल्या होत्या.

इतके दिवस रोज सकाळी तिनं स्वतःच्या पदरात घालून त्यांना इथं आणलं होतं. उन्हाला, आडोशाला, बाळंतिणीला माहेरी आणावं तसं. मॅडम जाळा म्हणाली होती. तिनं जाळायला ठेवलं होतं.

"अगं भवाने," तानुबाई म्हणाली. कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक.

उठली, घरातून काडेपेटी आणली. काजल धावत आली. "आत्याबाई, हे तं देवाचं सरपन हाये ना? मामाजीले तरी विचारा."

"पंप मारताना त्यांनी मले विचारलं व्हतं का? तू पान्याची घागर भरून आन, भिंतीले झळ लागीन."

वर्षभर वाळलेल्या काड्या, दोन मिनिटांत पुरुषभर ज्वाळा. भिंतीवर सुभद्राबाईचं डोकं आलं. तिलाही बादली सापडली असावी.

"काय करून राह्यली वं? चंपाषष्ठीचं सरपन पेटोलं?"

"त्यात अळी हाये बाई. तेथूनच येऊन राह्यली ते."

"अळी वांग्यात असते. लाकडात कवा पाह्यली तू?" सुभद्राबाई जाळाकडं बघत राहिली. "आबाले काय सांगशीन?"

"हाये ते सांगीन."

"सांग," सुभद्राबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद होता की धास्ती, ते धुरात कळलं नाही.

पुढचे दिवस तानुबाईनं कापलेला शेंडा त्याच पावली चुलीत घातला. जुनी नायलॉनची साडी फाडली, काजलनं मशीनवर वीतभर पिशव्या शिवल्या, आणि फूल गळून वांगं धरलं की त्याला पिशवी, वर सुतळीची सैल गाठ. झाडं पोरांना झोळीत घालून कामाला आलेल्या बायांसारखी दिसू लागली. रस्त्यानं जाणारे थांबून विचारत, "वांग्याले थंडी वाजते का वैनी?" ती म्हणे, "हाव, ताप आलता." भिंतीकडच्या सापळ्यात आधी चार, मग दोन, मग एकही नाही.

*

चंपाषष्ठीला सकाळी पिशव्या सोडल्या. सतरा वांगी निघाली. अकरा घरांना सतरा म्हणजे बोटावर चव. ओट्यावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे लावले होते. तानुबाईनं कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि प्रत्येक वांगं जाळावर धरण्याआधी सुरीनं उभं चिरून, उघडून पाहिलं.

"चिरून भाजतात का भरताचं वांगं?" सुभद्राबाई बायकांकडं बघत म्हणाली. "रस गेला ना सगळा जाळात."

तानुबाई चिरत राहिली. एका वांग्यात अळी निघाली. तिनं ते जाळात टाकलं. सोळा राहिली. कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची घालून भरीत वाढवलं.

पंगत बसली. तळी भरून झाली, भंडारा उधळून झाला. मग तानुबाई पातेलं घेऊन वाढायला निघाली आणि तिनं पाहिलं, प्रत्येक जण भरीत बोटांनी पसरून बघतोय. अकरा घरांच्या बोटांनी तिचं भरीत चाळलं. रामरावांनी तेवढं चाळलं नाही, सरळ घास घेतला आणि तिच्याकडं न बघता मान हलवली.

कडूबा आबांनी वेळ लावला. चाळलं, खाल्लं, रोडग्याचा तुकडा मोडून पुन्हा खाल्लं.

"अळी नाही."

तानुबाईनं पुढच्या ताटाकडं पाऊल टाकलं न टाकलं तोच ते म्हणाले, "पन ते चव बी नाही. सरपन जाळलं म्हनतात तू."

"हाव आबा. त्यातच घर करून व्हती ते."

"साठ-सत्तर सालापासून मी त्याच जाळावरचं खाऊन राह्यलो. तवा नोयती का?"

"व्हती असन, आबा. तवा कोनी पाहून नसन खाल्लं."

पंगतीत कुणी हसलं नाही. आबांनी ताटात पाणी सोडलं. "देवाच्या कामात रीत मोडू नाही. पुढल्या सालापासून भरीत सुभद्राकडून."

सुभद्राबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तानुबाईनं पातेलं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं, कारण शेवटची तीन ताटं वाढायची राहिली होती.

*

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती परसात झाडं उपटत होती. आणखी महिनाभर फळली असती, पण खोडं भोकांनी चाळणी झाली होती आणि पुढच्या सालचं बिऱ्हाड त्यातच होतं. रामराव न सांगता येऊन कुदळीनं मुळं मोकळी करून देत होते.

फाटकातून सुभद्राबाई आली. आज भिंतीवरून नाही. हातात दोरी.

"तानू, एक मागाले आली वं. माह्या मळ्यातले झाडं अजून हिरवे हायेत, फाल्गुनापर्यंत फळतीन. त्याहिचं सरपन कवा वाळावं? तुह्ये हे काड्या दे मले. आबाले जुन्या बियाच्या झाडाचीच चव पाह्यजे म्हनतात."

रामरावांची कुदळ थांबली. तानुबाई हातातल्या झाडाकडं बघत राहिली. खोडाच्या बेचक्यात दोन कोष होते, भरलेले. नुसतं 'न्या' म्हटलं की झालं होतं. भारा बांधायला तिनं मदतही केली असती. पुढच्या चंपाषष्ठीला तिनं पंगतीत बसून सगळ्यांसारखं बोटांनी भरीत चाळलं असतं.

तिनं ते झाड जावेपुढं धरलं.

"बाई, हे नेऊ नोका. हे पाहा, ह्यात बसली हाये ते. घरी नेऊन रचलं का पाखरं निंघतीन, तुमच्या मळ्यात जातीन. ठिबकवर काय नि कशावर काय."

सुभद्राबाईनं डोळे बारीक केले. चष्मा घरी होता. "मले तं काडीच दिसून राह्यली."

"हे राखडी, होडीवानी. हात लावून पाहा."

"हात काऊन लावू? द्याचं मन नाही, असं सरळ म्हन ना वं." तिनं दोरी गुंडाळायला घेतली. "मान मी मांगतला का? आबानं देल्ला. त्याचा राग काड्यावर काहाले काढतं?"

"राग नाही बाई. तुमच्याच चांगल्यासाठी—"

"राहू दे," सुभद्राबाई म्हणाली आणि निघाली.

तानुबाई तिच्यामागं दोन पावलं गेली, थांबली. रामराव म्हणाले, "सांगून पाह्यलं ना तू." तानुबाईनं मोकळ्या जागी झाडांचा ढीग केला, खाली चिपाडं सारली आणि काडी ओढली. ओली खोडं चरचरत, धुपत, नाखुशीनं पेटली.

गल्लीत सुभद्राबाई कुणाला तरी सांगत होती आणि भिंतीवरून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "जाळून टाकीन म्हनते, पन तुम्हाले देनार नाही."

शब्दाला शब्द खरं होतं. तानुबाईनं डोळ्यातला धूर पदरानं टिपला आणि पुढचं झाड उपटायला वाकली.